मानेच्या एमआरआयमध्ये ‘मज्जारज्जूभोवतीची द्रवाची जागा पुसली गेली आहे’ असा शेरा : शस्त्रक्रिया अटळ आहे का?

प्रश्न
माझ्या वडिलांच्या (वय ६२) मानेचा एमआरआय नुकताच झाला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील गादी मागे सरकल्यामुळे मज्जारज्जूच्या पुढची द्रवाची जागा पुसली गेली आहे, मात्र मज्जारज्जूमध्ये कोणताही बदल दिसत नाही, असे अहवालात म्हटले आहे. मान दुखते, एवढीच त्यांची तक्रार आहे. अशा वेळी शस्त्रक्रिया करावीच लागते का?

उत्तर १
हा शेरा म्हणजे चित्राचे वर्णन आहे. ते रोगाचे निदान नव्हे. मज्जारज्जू ड्यूरा नावाच्या जाड आवरणाच्या आत द्रवाने वेढलेला असतो आणि एमआरआयच्या टी-२ नावाच्या प्रकारच्या चित्रांत हा द्रव पांढराशुभ्र, तर मज्जारज्जू करडा दिसतो. गादी फुगली, मणक्याच्या कडेला हाड वाढले किंवा मणक्यांना मागून जोडणारा अस्थिबंध जाड झाला, की आधी ही पांढरी कड बारीक होते आणि मग दिसेनाशी होते; मज्जारज्जूवर प्रत्यक्ष दाब येणे ही त्यापुढची पायरी. मानेच्या मधल्या भागात, मज्जारज्जू ज्यातून जातो त्या मणक्यांच्या नलिकेचा पुढून मागे व्यास साधारणपणे १७ मिलिमीटर असतो, १३ च्या खाली तो अरुंद आणि १० च्या खाली फारच अरुंद मानतात. तरीही माझ्या मते आकड्यापेक्षा मज्जारज्जू चपटा झाला आहे का आणि त्यात पांढरा डाग (मज्जारज्जूला इजा झाल्याची खूण) आहे का, हे आधी विचारावे. काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली आढळते.

उत्तर २
कंबरेच्या अनुभवावरून मानेचा अंदाज बांधू नये, एवढेच सुचवतो. प्रौढांमध्ये मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली त्याच द्रवात केवळ मज्जातंतूंचा झुपका असतो. म्हणून तिथे जागा अरुंद झाल्यास चालताना पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. मानेत मात्र दाब थेट मज्जारज्जूवर येऊ शकतो आणि तो दुखल्याशिवायही वाढतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. आज मुद्दाम विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की महिनाभर शर्टाची गुंडी लावायला वेळ लागतो आणि अंधारात चालताना तोल जातो. हे त्यांना वयामुळे होत असावे असे वाटत होते.

उत्तर १
मग आधीचे माझे उत्तर बाजूला ठेवा. बोटांतील सफाई कमी होणे आणि तोल जाणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे असू शकतात, एमआरआयमध्ये डाग नसला तरीही. याच आठवड्यात मणक्याच्या शल्यचिकित्सकांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. प्रतिक्षिप्त क्रिया, हातांची ताकद आणि चाल तपासल्यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय होईल. तोवर कोणाकडूनही मान मोडून किंवा झटका देऊन घेऊ नका. हातापायांतील ताकद झपाट्याने कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण शस्त्रक्रियेने मुख्यतः पुढची हानी थांबते, गेलेली ताकद पूर्णपणे परत येईलच असे नाही.