शब्दचर्चा: धमनीत ‘सूज’ येते की ‘दाह’ होतो? आणि ‘इनेट इम्युनिटी’ला काय म्हणावं?

भाषांतरकार
हृदयविकारावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस (धमनीच्या भिंतीत चरबी साचून ती कडक होणं), इन्फ्लमेशन (इजा किंवा जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया) आणि इनेट इम्युनिटी हे तीन शब्द पानोपानी आहेत. पहिल्याला ‘धमनीकाठिन्य’ मिळाला. दुसऱ्यासाठी सूज, दाह, शोथ असे तिन्ही सापडतात. ‘धमनीला सूज येते’ लिहिलं तर पाय सुजल्यासारखं चित्र उभं राहतं. तिसऱ्याला ‘जन्मजात प्रतिकारशक्ती’ लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, आईकडून बाळाला मिळते ती का?

पॅथॉलॉजीवाला
ताई, आधी भिंतीत काय घडतं ते पाहू. एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. अस्तराच्या पेशी मग रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतात. त्या आत शिरतात, मॅक्रोफेज म्हणजे भक्षकपेशी होतात आणि बदललेलं एलडीएल गिळत सुटतात. चरबीच्या थेंबांनी भरलेल्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात, म्हणून फेनपेशी. पुढे कोलेस्टेरॉलचे स्फटिक जमले की पेशीतला एनएलआरपी-३ हा प्रथिनसंच जागा होतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे निरोप देणारं प्रथिन बाहेर पडतं. ते आणखी पेशींना बोलावतं. जंतू एकही नाही, तरी सगळी यंत्रणा लढाईवर!

रोमन लेखक सेल्ससने इन्फ्लमेशनची चार लक्षणं दिली: लाली, सूज, उष्णता, वेदना. धमनीत यातलं काहीच वर्षानुवर्षं जाणवत नाही. ‘सूज’ हे त्या चारांतलं एकच लक्षण. ‘दाह’ही मुळात जळजळच, पण मराठीत तो प्रक्रियेचं नाव म्हणून बऱ्यापैकी रुळलाय. मी ‘दाह’ घेईन. ‘शोथ’ संधिशोथ, यकृतशोथ अशा जोडशब्दांत राहू द्या; आयुर्वेदात त्याचाही अर्थ सूजच.

कोशप्रेमी
‘काठिन्य’ने अर्धंच काम होतं. अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस हा शब्द जर्मन रोगविज्ञानी मार्शांने 1904 मध्ये रूढ केला. त्यातला ‘अथेरे’ म्हणजे ग्रीकमध्ये पेज, कारण गाठ कापली की आत मऊ, पिवळसर लगदा दिसतो. जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात ‘रोहिणीविलेपी विकार’ असा शब्द भेटतो; रोहिणी म्हणजे धमनी. विलेपी म्हणजे आयुर्वेदातली भाताची दाट पेज! जोडी फार सुंदर जुळते. तरी आजच्या वाचकाला त्यात ‘लेप’च ऐकू येणार आणि नळाच्या आत किटण धरल्याचा समज पक्का होणार. चरबी भिंतीच्या आत साचते, वर लिंपली जात नाही. म्हणून मी ‘अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस’च ठेवून पहिल्यांदा एका वाक्यात समजावेन.

जीवशास्त्र शिक्षिका
इनेटला ‘उपजत’ म्हणा. ‘जन्मजात’ म्हटलं की दोष किंवा व्यंग आठवतं. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तर भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा झाल्या. त्या अळीला काट्याची आधी ओळख नव्हती, तरी पेशी धावल्या. हीच उपजत शक्ती. लस किंवा आजारातून कमावलेली ती ‘अर्जित’.

पॅथॉलॉजीवाला
‘उपजत’ला माझंही मत. एक विनंती: या दाहाला नुसता शत्रू ठरवू नका. 2017 मध्ये ‘कॅन्टॉस’ या औषधचाचणीचे निष्कर्ष आले. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) वाढलेले 10,000हून अधिक रुग्ण त्यात होते. इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने एलडीएल घटलं नाही, तरी 150 मिलिग्रॅमच्या मात्रेवर हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटलं. पण जिवावर बेतणारे संसर्ग वाढले. दाह दाबला की राखणही ढिली पडते.

भाषांतरकार
मग असं लिहिते: ‘अस्तराखाली अडकलेल्या कोलेस्टेरॉलला उपजत प्रतिकारशक्ती इजा समजते आणि धमनीच्या भिंतीत दाह सुरू होतो.’ आणि भिंतीत साचलेल्या त्या गाठीला, ‘प्लाक’ला काय?

कोशप्रेमी
वाक्य छान. ‘प्लाक’च ठेवा. ‘थर’ म्हटलं की पुन्हा नळच आला.