ईसीजी नॉर्मल, तरी टूडी इको कशाला?

एका ताईंनी विचारलंय, सासूबाईंचा ईसीजी ठीक आहे, मग टूडी इकोचा (ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दाखवणाऱ्या तपासणीचा) खर्च कशाला? ईसीजी हृदयातले विद्युत संकेत टिपतो, झडप त्यात दिसत नाही. लहानपणी र्‍हुमॅटिक ताप (घशाच्या संसर्गानंतर येणारा) येऊन गेला असेल तर तो बहुतेकदा मायट्रल झडपेवर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) डाग ठेवून जातो, झडप अरुंद होत जाते, आणि कळतं पुष्कळ वर्षांनी, जिना चढताना धाप लागायला लागली की.

इकोच्या पडद्यावर अशा झडपेची पुढची पाकळी उघडताना हॉकी स्टिकसारखी वाकते. टोकं चिकटलेली, मधला भाग फुगलेला. मागची पाकळी जेमतेम हलते. मग झडपेचं तोंड आडव्या छेदात आणून त्याची कड गिरवतात आणि क्षेत्रफळ काढतात. निरोगी झडप ४ ते ६ चौ. सेंमी.; १.५ किंवा त्याहून कमी म्हणजे आजार गंभीर. छेद टोकाशी न घेता जरा आत घेतला तर आकडा फुगतो, म्हणून डॉप्लरने (रक्ताच्या प्रवाहाचा वेग मोजून) ताडून पाहतात. इको अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. (१९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधायच्या यंत्राने हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. एडलरना हवं होतं ते या झडपेचंच निदान!)

अरुंद झडप बलूनने (आत फुगा फुगवून) रुंद करता येईल का, असंही विचारलं जातं; त्यासाठी रिपोर्टमध्ये विल्किन्स स्कोअर (झडप किती खराब झालीय याचे गुण) बघा. ८ पर्यंत असेल तर बलूनला झडप सहसा चांगली साथ देते. झडपेतून गळती जास्त असेल किंवा डाव्या कर्णिकेत गुठळी असेल तर मात्र बेत बदलतो. गुठळी साध्या इकोत निसटू शकते, म्हणून आधी अन्ननलिकेतून इको करतात.