तातडीची मदत हवी आहे: डॉकरमधलं ओडू उघडंना, हंगामाचा हिशोब आत अडकलाय

यार्डातला_भाचा
लातूरला मार्केट यार्डात मामाची आडत आहे. हिशोब ओडू या सॉफ्टवेअरवर ठेवलाय, डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या डब्यांत, चालवायची सोय). काल संध्याकाळपर्यंत सगळं व्यवस्थित चालू होतं. आज सकाळपासून ब्राउझरमध्ये पानच उघडंना. ओडूच्या लॉगमध्ये सारखं हे एकच यायलंय:

डेटाबेस कनेक्शन फेल्युअर: कुड नॉट ट्रान्सलेट होस्ट नेम "डीबी" टू ऍड्रेस

मशीन दोनदा बंद-चालू करून झालं. सोयाबीनची आवक जोरात आहे, बाकड्यावर शेतकरी पट्टीसाठी बसून आहेत आणि मामा कार्बन घालून हातानं पट्ट्या फाडायलाय. कुणाची किती उचल वळती करायची ते सगळं आत आहे. लवकर सांगा.

गोदाकाठ
कंपोज फाईल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली) टाका. ओडूची आवृत्ती कोणती, डेटाबेस कोणता, मशीनवर विंडोज की उबुंटू? आणि काल संध्याकाळ ते आज सकाळ, मधे काय बदललं?

यार्डातला_भाचा
काहीच बदललं नाही. उबुंटू आहे. ओडूला पोस्टग्रेसच लागतं, दुसरं काय असणार.

नांदेडी_नेटवर्क
नावाचा पत्ता लागत नाही म्हणतंय म्हणजे सरळसरळ नेटवर्कचा घोळ. होस्टच्या जागी "डीबी" लिहिलं असेल ते काढून लोकलहोस्ट लिहा. माझ्याकडे तसंच चालतं.

गोदाकाठ
तुमच्याकडे ओडू आणि पोस्टग्रेस दोन्ही थेट मशीनवर असतील, म्हणून चालतं. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. ओडूच्या कंटेनरमध्ये पोस्टग्रेस नाहीच, मग तिथं कोण उत्तर देणार? होस्टला सर्व्हिसचंच नाव हवं, आणि "डीबी" हे पोस्टग्रेसच्या सर्व्हिसचंच नाव. दादा, ती ओळ हलवू नका.

जुना_रोजमेळ
जालन्याच्या मोंढ्यात मुनीमकी करण्यात माझी उमर गेली. भाचेराव, स्पष्ट सांगतो, टॅली घ्या. सीएला फाईल दिली की तो निमूट घेतो, आणि दुकानात बसणाऱ्या पोराला शिकवावं लागत नाही, ते शिकूनच येतं. कीर्द-खतावणी ही अशा प्रयोगाची जागा नाही. आणि ओडूच्या फुकटच्या आवृत्तीत बिलं तेवढी होतात, पूर्ण अकाउंटिंग पैसे भरून घ्यावं लागतं असं ऐकलंय.

नांदेडी_नेटवर्क
काका, कम्युनिटी आवृत्तीत इन्व्हॉइसिंगच असतं हे बरोबर. पण ओसीएची (ओडू कम्युनिटी असोसिएशन) मॉड्यूलं टाकली की खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळे अहवाल निघतात. आणि सोर्स कोड आपल्या हातात राहतो. वर्षानुवर्षाचा डेटा दुसऱ्याच्या कुलपात कशाला ठेवायचा?

यार्डातला_भाचा
ती मॉड्यूलं टाकलेली आहेत. पान उघडंना त्याचं बोला ना.

परभणी_पॅसेंजर
सोपं आहे. डॉकर कंपोज डाऊन -व्ही मारा आणि परत अप करा. पाच मिनिटांत कोरं करकरीत चालू होतं. माझं काही अडलं की मी हेच करतो.

बीड_बायपास
थांबा! भाचेसाहेब, ही कमांड देऊ नका. दिली असेल तर आत्ता इथं लिहा.

-व्ही लावलं की कंटेनरबरोबर कंपोजमधले व्हॉल्यूमही, म्हणजे डेटा साठवायच्या जागा, पुसले जातात आणि पोस्टग्रेसचा सगळा डेटा व्हॉल्यूममध्येच असतो. "कोरं करकरीत" म्हणजे खरोखरच कोरं. मी हे भोगलंय. आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे, खरिपाची उधारी सगळी त्यात होती. एका एंटरनं गेली. पुढचे दोन महिने बाबा मोटारसायकलवर गावोगाव फिरले, माणसाला समोर बसवून विचारायचे, "तुमच्याकडं किती निघतंय ते तुम्हीच सांगा." बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण बाबांची मान खाली गेलेली मी बघितली आहे.

यार्डातला_भाचा
नाही दिली. टाईप केली होती, एंटर राहिलं होतं.

परभणी_पॅसेंजर
माझ्याकडे चाचणीचा डेटा असतो, खऱ्या दुकानाचा विचारच केला नाही. चूक झाली, माफ करा.

मोंढा_नाका
जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरण) चं टेन्शन असेल तर महिन्याला भरणाऱ्यांना 11 तारीख, तिमाहीवाल्यांना 13. पोर्टलवर थेट भरता येतं, सॉफ्टवेअर बंद असलं तरी.

गोदाकाठ
तो विषय नाही सध्या. दादा, आतापर्यंत आपण फक्त ओडूचं रडगाणं वाचलं. डीबी काय म्हणतंय ते कुणीच बघितलेलं नाही. डॉकर कंपोज पीएस -ए द्या, कुठला कंटेनर कसा आहे ते दिसेल, आणि डीबीचा लॉग टाका, शेवटच्या दहा ओळी.

यार्डातला_भाचा
पीएसमध्ये डीबीच्या पुढं "रीस्टार्टिंग" दाखवायलंय. लॉग पुन्हा पुन्हा हाच:

फेटल: डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर
डिटेल: द डेटा डिरेक्टरी वॉज इनिशियलाइज्ड बाय पोस्टग्रेएसक्यूएल व्हर्जन 16, विच इज नॉट कम्पॅटिबल विथ धिस व्हर्जन 17

गोदाकाठ
सापडलं. जीवात जीव आणा, डेटा शाबूत आहे. पोस्टग्रेस त्याला हात न लावताच मागं फिरायलंय. कंटेनर उभाच राहत नाही, म्हणून "डीबी" हे नाव नेटवर्कवर सापडत नाही. ओडू खोटं बोलत नव्हतं, पण दुखणं दुसरीकडं होतं. आता खरं सांगा, काल पुल केलं होतं का, म्हणजे इमेज (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) नव्यानं उतरवल्या होत्या का?

यार्डातला_भाचा
हो. शटर ओढायच्या आधी पुल आणि अप केलं. ते अपडेट होतं, त्याला बदल कसं म्हणायचं? आणि 17 तर मीच लिहिलंय फाईलमध्ये.

गोदाकाठ
ते 17 ओडूचं. पोस्टग्रेसची इमेजची ओळ वाचा.

यार्डातला_भाचा
पोस्टग्रेस, पुढं लेटेस्ट.

गोदाकाठ
हेच. तुम्ही बसवलं तेव्हा लेटेस्ट म्हणजे 16 होतं, पुलमध्ये 17 आलं. पोस्टग्रेसच्या मोठ्या आवृत्तीत डिस्कवर डेटा मांडायची पद्धत बदलते, एकीच्या फाइल्स दुसरी उघडत नाही. 16 मधल्या 16 मध्ये, म्हणजे 16.3 वरून 16.4 वर जायला काही अडत नाही.

आधी डॉकर कंपोज डाऊन, मागं काहीही न लावता. मग व्हॉल्यूमची टार (सगळ्या फाइल्सची एकच बांधलेली फाईल) करून पेन ड्राइव्हवर घ्या, कंटेनर बंद असतानाच. मग लेटेस्ट खोडून 16 लिहा आणि अप. बाकी एक अक्षर बदलू नका.

नांदेडी_नेटवर्क
17 आलंच आहे तर मागं कशाला जायचं? पीजी_अपग्रेड चालवा, एकदाच त्रास.

गोदाकाठ
पीजी_अपग्रेडला दोन्ही आवृत्त्यांच्या बायनरी (प्रोग्रामच्या फाइल्स) शेजारी शेजारी लागतात, अधिकृत इमेजमध्ये एकच असते. आणि आवक चालू असताना, लोक बाकड्यावर बसलेले असताना अपग्रेड? आवक ओसरल्यावर 16 मधून डंप (डेटाबेसची प्रत) काढायचा, 17 ला नवा रिकामा व्हॉल्यूम द्यायचा आणि त्यात भरायचा. जुना व्हॉल्यूम महिनाभर तसाच ठेवायचा.

नांदेडी_नेटवर्क
हंगामाचं मान्य.

बीड_बायपास
रोजचा पीजी_डंप लावताना एक ध्यानात ठेवा. ओडूत जोडलेल्या फाइल्स, काटापावतीचे फोटो वगैरे, डेटाबेसमध्ये नसतात. त्या फाइलस्टोअरमध्ये जातात, म्हणजे ओडूच्या कंटेनरचा तो वेगळा व्हॉल्यूम. नुसता डंप परत भरला तर नोंदी येतात, फोटो येत नाहीत. दोन्ही घ्या, आणि एक प्रत दुकानाबाहेर, घरी.

जुना_रोजमेळ
लाइटीचं काय केलंय? आमच्याकडं दुपारची जाते ती कधी येईल सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर पंखा ठेवतात आणि कॉम्प्युटर थेट बोर्डावर.

यार्डातला_भाचा
आलं!! 16 लिहिलं, टार आधी घेतली, अप केलं. पहिल्यांदा उचलीची यादी उघडली, कालच्या शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं जागेवर आहे. सकाळच्या हातानं फाडलेल्या 23 पट्ट्या चढवायलोय, हमाली-तोलाई एकेक तपासून. गोदाकाठ दादा, बीडवाले भाऊ, तुमचे लै उपकार झाले. रोजमेळ काका, कॉम्प्युटर यूपीएसवर आहे.

उदगीरचा_पोऱ्या
धागा चालूच आहे तर माझंही विचारतो. मीबी ओडू डॉकरमध्येच चालवतो. पट्टीची पीडीएफ काढली की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन यायलेत. पडद्यावर मराठी बरोबर दिसतं.

यार्डातला_भाचा
मलाबी सुरुवातीला तेच होत होतं. पडद्यावरचा फॉन्ट तुझ्या कॉम्प्युटरचा असतो, पीडीएफ मात्र कंटेनरच्या आत तयार होते आणि माझ्या कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. लोहित देवनागरी टाकला, नावं नीट आली. पण चालू कंटेनरमध्ये जाऊन टाकू नको, कंटेनर नवा झाला की फॉन्ट जातो. ओडूच्या इमेजवरून स्वतःची डॉकरफाईल कर, त्यात फॉन्टची ओळ लिही. आणि इमेजपुढं लेटेस्ट असेल तर आधी ते खोड.