बदकांसाठी पहिली पंप शॉटगन कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,
इथे अमेरिकेत या सीझनला पहिल्यांदाच बदकांच्या शिकारीला जायचंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, आता बंदूक घ्यायचीय आणि पंपच (बॅरलखालची मूठ मागे-पुढे करून पुढचं काडतूस भरायची) घ्यायची हे नक्की. पण ३ इंची काडतुसाची घेऊ की साडेतीन इंचीची यावर इतकं वाचलंय की डोकं गरगरायला लागलंय. मी डावखुरा आहे, उंची बेताची. कोणी अनुभवी आहे का इथे?

---

दादा, तुम्ही डावखुरे आहात हे लिहिलंत ते बरं झालं, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथूनच सुरू होतो. रेमिंग्टन ८७० उत्तम बंदूक आहे, मी स्वतः तीच वापरतो, पण तिची सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) चापाच्या मागे आडवी असते आणि ती उजव्या हाताच्या बोटासाठी केलेली आहे. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, डावा-उजवा फरकच पडत नाही, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर आधी ती हातात घेऊन बघितली असती. ब्राउनिंग बीपीएसची सेफ्टीही वरच आहे आणि तिचं रिकामं काडतूस खाली पडतं, तोंडासमोरून उडत नाही, वापरलेली पण चांगल्या स्थितीतली मिळाली तर सोडू नका.

साडेतीन इंचाच्या मागे लागू नका. १२ गेज (गेज म्हणजे बॅरलच्या रुंदीचं माप, २० गेज १२ पेक्षा बारीक), ३ इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), २६ किंवा २८ इंची बॅरल, बास झालं. साडेतीनचा धक्का खांद्याला असा बसतो की पुढच्या बाराला माणूस आधीच डोळे मिटतो, मग नेम कसला!

दुकानात जाताना शिकारीचं जाड जॅकेट घालूनच जा, हे मी प्रत्येकाला सांगतो. शर्टावर बरोबर वाटणारा दस्ता जॅकेटवर लांब होतो आणि बंदूक खांद्याला लावताना काखेत अडकते. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग उघडा, नजर सरळ बॅरलवरून जायला हवी. तुमच्या उंचीला छोटा दस्ता लागेल बहुतेक, तो बदलता येतो.

छर्रे स्टीलचे. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिसं बंद आहे आणि ते योग्यच आहे, बदकं वाळू-खड्यांबरोबर तळातले शिशाचे छर्रे गिळायची, ते पोटात झिजायचे आणि पक्षी विषबाधेने मरायचे. स्टील हलकं असतं म्हणून शिशाच्या जागी दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा (नंबर जितका कमी तितका छर्रा मोठा), म्हणजे शिशाचा ४ नंबर असेल तिथे स्टीलचा २. चोक (बॅरलचं तोंड किती आवळलेलं आहे ते) मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर ठेवा, हे कमी आवळलेले प्रकार, स्टीलला फुल चोक नको. आणि कागदावर बार काढून बघा, प्रत्येक बंदुकीचा पॅटर्न, म्हणजे छर्र्यांचा पसारा, वेगळा येतो.

पंपाची सवय मात्र करावीच लागते. माझ्या पहिल्या सकाळी दोन बदकं अगदी समोर उतरत होती, पहिला बार चुकला, घाईत पंप पुरता मागे ओढलाच नाही, चाप दाबला तर नुसता टक असा आवाज. तेव्हापासून दर सीझनआधी घरी नकली काडतुसं घालून पन्नास-शंभर वेळा पंप मागे-पुढे करतो, जोरात आणि पूर्ण.

---

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त दोन गोष्टी राहिल्या. एक, मॅगझिनमधला (काडतुसं भरायच्या नळीतला) प्लग, म्हणजे जास्त काडतुसं बसू नयेत म्हणून घातलेली दांडी, काढू नका, बदकांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतात, आणि वापरलेली बंदूक घेतलीत तर प्लग आहे ना ते आधी बघा, खूपदा आधीच्या मालकाने काढून टाकलेला असतो. वय १६ किंवा जास्त असेल तर फेडरल डक स्टॅम्पही (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी सरकारचा विकत घ्यायचा स्टॅम्प) लागतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. सोबत कोणाकडे २० गेज असेल तर त्याची काडतुसं तुमच्या खिशात कधीही येऊ देऊ नका. २० चं काडतूस १२ च्या बॅरलमध्ये पुढे घसरून अडकतं, वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं, मग माणूस १२ चं घालून चाप ओढतो आणि बॅरल फुटते. म्हणूनच २० ची काडतुसं पिवळी असतात, पण पहाटेच्या अंधारात रंग दिसत नाही. आमच्याकडे नियमच आहे, एका बोटीत एकच गेज.