वेष्टनावरचा मजकूरही जाहिरातच

काहींचं म्हणणं असतं की, ‘मधुमेह मुळापासून बरा’ हे फक्त औषधाच्या डबीवर छापलंय, पेपरात नाही, म्हणून ती जाहिरात ठरत नाही. ठरते. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 मधली व्याख्या बरीच लांब पोचते: पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, एवढंच काय, प्रकाश, आवाज किंवा धुरातून दिलेला संदेशसुद्धा! (1954 साली इन्स्टाग्राम नव्हतं, पण रील यातून सुटेलसं वाटत नाही.)

याच कायद्याच्या कलम 3 सोबतच्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या यादीत, आजार आणि शारीरिक तक्रारींच्या 54 नोंदी आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणंही. यांवर औषध गुणकारी आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. उपचाराचा दावा जाहीर करणं हाच गुन्हा. प्रसिद्धीत भाग घेणारा छापखानाही त्यात येतो. डॉक्टरांना गोपनीयरीत्या पाठवलेल्या माहितीला मात्र विहित अटींवर सूट आहे.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना नुसता स्क्रीनशॉट तोकडा पडतो. डबी बिलासकट विकत घ्या, परवाना क्रमांक, बॅच आणि उत्पादकाचा पत्ता वाचता येईल असे फोटो जोडा. जाहिरात पेपरातली असेल तर तारीख आणि आवृत्ती हवीच. पुणे आवृत्तीतली जाहिरात नागपूरच्या अंकात असेलच असं नाही.