बग म्हणजे नक्की कोणता किडा?

परवा घरून काम चालू होतं, कॉलवर टीममधल्या एकाला म्हटलं अरे कालच्या रिलीजमधे अजून दोन बग सापडलेत, संध्याकाळच्या आत मारून टाक. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. कॉल संपवून बाहेर येतो तर माझी गादी गॅलरीत उन्हात आणि आई पलंगाच्या फटीत टॉर्च मारतीये. म्हणे दोन दिसले म्हणजे वीस असणार, आणि हल्ली रॉकेल तरी कुठं मिळतंय फटीत सोडायला. आई शाळेत इंग्रजी शिकवायची, तिच्या लेखी बग म्हणजे ढेकूण, विषय संपला. तसं तिचं चूकही नाही, ब्रिटिशांकडे बरीच वर्षं नुसतं बग म्हटलं तरी ढेकूणच समजायचे. अमेरिकन लोक मात्र दिसेल त्या बारक्या किड्याला बग म्हणून मोकळे होतात, ब्रिटिशांची लेडीबर्ड तिकडे लेडीबग झाली ती अशीच.

मग डोक्यात तेच. बहीण न्यूजर्सीला असते, तिने मागे कळवलं होतं की छोट्याला स्टमक बग झालाय, तर आईचा पहिला प्रश्न, "जंताचं औषध दिलंस का?" तिथे बग म्हणजे किडाही नाही आणि जंतही नाही, आपण पोटाचं इन्फेक्शन म्हणतो ते. ट्रॅव्हल बग चावला याला आपल्याकडे आयतं आहे, भटकंतीचा किडा. पण 'डोन्ट बग मी' म्हटलं की मराठीत किडा गायब, पिडू नको नाहीतर डोकं खाऊ नको. उलट आपण 'किडे करू नकोस' म्हणतो त्याला इंग्रजीत बग चालतच नाही.

आणि तो छुपा माईकवाला बग. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं, ते त्याच्या घरी भिंतीवर लागलं, आत बग. ना बॅटरी ना बाहेर जाणारी वायर, बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की चालू. सापडला १९५२ मधे! ढेकणासारखाच की, भिंतीत लपून बसायचं आणि आपलं काम करायचं.

तर या सगळ्याला धरून एक मराठी शब्द सुचतो का कुणाला? दोष, त्रुटी वगैरे सांगू नका, 'एक त्रुटी सापडली' असं म्हणणारा टेस्टर मला अजून भेटायचाय.

* * *

एक शब्द होणार नाही. आमच्या द्राक्षवाल्यांना विचारा, मिलीबगला सगळे पिठ्या ढेकूणच म्हणतात, अंगावर पीठ सांडल्यासारखं पांढरं असतं म्हणून पिठ्या. म्हणजे बगचं ढेकूण तिथे आधीच झालेलं आहे, आईंना सांगा. शास्त्रातसुद्धा खरा बग म्हणजे सोंड खुपसून रस नाहीतर रक्त पिणारी जात, ढेकूण, मावा, तुडतुडे, पिठ्या हे सगळे त्यातले. लेडीबग त्यात बसतच नाही, तो भुंगेऱ्यांच्यातला, आपला ढालकिडा, तो उलट मावा खातो. त्याला बग म्हणणं म्हणजे राखणदारालाच चोर म्हणण्यासारखं आहे.

* * *

कॉम्प्युटरमधला बग तर खऱ्याखुऱ्या किड्यावरून आलाय ना? मशीनमधे पतंग अडकला होता आणि त्या काळच्या प्रोग्रामर ग्रेस हॉपरबाईंनी तो काढला, कॉलेजात सरांनी सांगितलेलं.

* * *

सगळ्यांच्याच सरांनी सांगितलेलं असतं ते :) पतंग खरा आहे. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचं मार्क टू हे कॉम्प्युटर मशीन, ७० नंबरच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधे, तो सापडला, तिथल्या लोकांनी चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवला आणि खाली लिहिलं की प्रत्यक्षात बग सापडल्याची ही पहिलीच केस. ते पान स्मिथसोनियन म्युझियममधे जपलंय, पतंगासकट. हॉपरबाईंनी तो पकडला नव्हता, त्या किस्सा रंगवून सांगायच्या म्हणून त्यांच्या नावावर बसला. पण 'प्रत्यक्षात' हा शब्द बघा, बग शब्द आधीच रुळलेला असल्याशिवाय हा जोक होईलच कसा? एडिसनने १८७८ च्या पत्रात मशीनमधल्या बारीकसारीक अडचणींना बग म्हटलेलं आहे. आणि वरच्या हिशोबाने पतंग हा बगच नाही!

खरी मजा त्याच्याही मागे आहे. मध्ययुगीन इंग्रजीत बग म्हणजे किडा नव्हेच, भूतबीत, लहान मुलांना घाबरवायचं काहीतरी. १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलात ९१ व्या स्तोत्रात आहे की तुला रात्रीच्या बगांची भीती बाळगायची गरज नाही. त्यावरून लोक त्याला 'बग बायबल' म्हणतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं देवाने ढेकणांपासून संरक्षण दिलंय. बगबेअर हा शब्द त्या जुन्या अर्थावरच उभा आहे. म्हणजे आपला बागुलबुवा. मला तरी हा शब्द सॉफ्टवेअरला एकदम फिट्ट वाटतो, क्लायंटला दिसतो, आपण बघायला गेलो की नाही, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. सोमवारपासून मी 'दोन बागुलबुवा सापडलेत' म्हणणार आहे, गादी तरी वाचेल.

* * *

बागुलबुवा राहू दे, आमचा प्रॉब्लेम वेगळाच आहे. मी कोल्हापूरचा, आमच्यात 'बघ' ला 'बग'च म्हणतात. पुण्यात नवीन लागलो तेव्हा क्लायंट डेमोच्या आधी टेस्टिंगवाल्या मॅडमना स्क्रीन दाखवत म्हटलं, "ह्ये बगा की, ह्ये बगा, आन् ह्येबी बगा." मॅडमनी बग सापडल्याची तीन तिकिटं टाकली.