मदत हवी आहे: करार कायदा, तार आधी की पत्र आधी? उद्या पेपर

यावलकर_मुलगी: अ ने ब ला पत्राने घर विकायची ऑफर दिली. मग अ ने तार करून ऑफर मागे घेतली. नंतर ब ने होकाराचं पत्र पोस्टात टाकलं. करार झाला का? मी म्हणते नाही, तार आधी गेली ना! रूममेट म्हणते झाला. लवकर सांगा, अजून प्रतिफल (करारातला मोबदला) वाचायचं बाकी आहे.

धुळेकर_एलएलबी: तार ब ला मिळाली कधी?

यावलकर_मुलगी: अहो, आधी केली म्हटलं ना.

धुळेकर_एलएलबी: केली कधी ते नाही, मिळाली कधी? सगळं उत्तर त्यातच आहे.

खान्देशी_भाऊ: तार तर २०१३ मध्येच बंद झाली. पेपर काढणाऱ्यांनी निदान व्हॉट्सअॅप तरी लिहावं.

केळीबाग: व्यापाऱ्याने फोनवर भाव कबूल केला, कापणीच्या दिवशी गाडी बांधावर उभी करून म्हणतो, भाव पडला. याला कोणतं कलम लागतं?

मुक्ताईनगर_७१: भाऊ, मी कधीपासून सांगतोय, सौदा कागदावर करा. तोंडी कराराला कायद्यात किंमत नाही.

धुळेकर_एलएलबी: चूक. कलम १० मध्ये लेखीची सरसकट अट नाही. तोंडी करार चालतो, फक्त सिद्ध करताना नाकी नऊ येतात. फोनवरच्या सौद्याचा १९६६ चा सुप्रीम कोर्टाचा केडिया खटला वाचा. खामगावची पार्टी, सरकीची ढेप. होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, असं ठरलं. होकाराचं पत्र टाकताच ऑफर देणारा बांधला जातो, हा पत्राचा नियम फोनला लागत नाही.

मुक्ताईनगर_७१: कोर्टात उभं राहून बघा, मग कलमं सांगा.

यावलकर_मुलगी: माझा धागा आहे हो!! प्रश्नपत्रिका सापडली: सोमवारी तार केली, मंगळवारी सकाळी ब ने पत्र टाकलं, संध्याकाळी त्याला तार मिळाली. पत्र अ ला शुक्रवारी.

धुळेकर_एलएलबी: मग रूममेट बरोबर. कलम ४: मागे घेतल्याचा निरोप अ च्या बाजूने पाठवताच पूर्ण होतो, पण ब च्या बाजूने त्याला कळल्यावरच. म्हणजे संध्याकाळी. त्याआधीच पत्र पोस्टात पडलं आणि अ बांधला गेला. कलम ५ नुसार ऑफर मागे घ्यायची मुदत तिथेच संपली. जोडीला १८८० चा बर्न विरुद्ध व्हॅन टीनहोव्हन लिही. तिथेही मागे घेतल्याचं पत्र आधी निघालं, पण होकार गेल्यावर पोचलं.

सीईटी_२६: तीन वर्षांच्या एलएलबीला कटऑफ किती लागतो?

यावलकर_मुलगी: आणि ब लाच बुधवारी नको वाटलं तर? गाइडमध्ये लिहिलंय, पत्र टाकलं की दोघंही बांधले.

धुळेकर_एलएलबी: तो इंग्लंडचा नियम. आपल्याकडे ब च्या बाजूने होकार पूर्ण होतो तो अ ला कळल्यावर. पत्र शुक्रवारी अ च्या हातात पडेपर्यंत ब फोन करून माघार घेऊ शकतो. अ अडकला, ब मोकळा, हे विचित्र वाटेल, पण आपल्या १८७२ च्या कायद्यात तसंच आहे. गाइड ठेव बाजूला, कलम ५ खालचं उदाहरण वाच, अगदी याच प्रश्नासारखं आहे.

यावलकर_मुलगी: वाचलं. थँक्यू दादा. प्रतिफलासाठी कोणी जागं आहे का?

केळीबाग: माझं काय झालं भो?

मुक्ताईनगर_७१: तुमच्या फोनवर रेकॉर्डिंग आहे का?